पाण्यात पाय रोवून उभा असलेला वृक्ष

(द्वितीय वर्ष, कला)

झाडाच्या सौंदर्याविषयी लिहायचे म्हटले की आपली लेखणी आपोआप फुलांकडे वळते. पळस, पांगारा, बहावा ही झाडे आपल्याला सुंदर वाटतात ती मुख्यतः त्यांच्या बहराच्या दिवसांत. परंतु जगात एक असा वृक्ष आहे की ज्याला डोळ्यांत भरेल असे फूल येत नाही, ज्याचे फळ माणसाच्या तोंडी लागत नाही, जो चिखलात आणि काळ्या पाण्यात आयुष्य काढतो आणि ज्याच्या नावातच 'बोडका' असा शब्द आहे. आणि तरीही त्याचे चित्र एकदा पाहिले की नजर हलत नाही. इंग्रजीत त्याला 'बॉल्ड सायप्रस' म्हणतात. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव 'टॅक्सोडियम डिस्टिकम' असे आहे. या वृक्षाची वाचकांना ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभीच सांगून टाकते की हा वृक्ष मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात वाढतो, आणि मी आमच्या जिल्ह्याबाहेर दोनदाच गेले आहे. मग त्याच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे वडील सुतार आहेत. खाडीकाठच्या होड्यांची डागडुजी हा आमच्या घरचा पिढीजात धंदा. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. पण लाकडाचा वास, वजन आणि रेषा यांवरून झाड ओळखायला मी अक्षरे ओळखण्याच्या आधी शिकले. ग्रंथालयातली भूगोलाची पुस्तके आणि ही घरची शिदोरी, एवढ्या भांडवलावर हा लेख लिहिला आहे.

हा वृक्ष उत्तरेस डेलावेअर राज्यापासून दक्षिणेस फ्लॉरिडापर्यंत, पश्चिमेस टेक्सासपर्यंत आणि मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातून वर थेट इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकापर्यंत आढळतो. बहुतेक ठिकाणी तो सखल प्रदेशात, संथ वाहणाऱ्या नद्यांच्या काठी, पुराच्या पाण्याने वर्षातून काही महिने बुडणाऱ्या रानात आणि दलदलीत असतो. लुइझियाना राज्याने १९६३ साली त्याला आपला राज्यवृक्ष म्हणून मान दिला. टेक्सास आणि लुइझियाना यांच्या सीमेवरचे कॅडो सरोवर, टेनेसीमधले रीलफूट सरोवर, फ्लॉरिडामधली कॉर्कस्क्रू दलदल ही त्याची नावाजलेली ठिकाणे. यांपैकी रीलफूट सरोवराची हकिकत मोठी विलक्षण आहे. १८११-१२ च्या हिवाळ्यात मिसिसिपीच्या खोऱ्यात भूकंपाचे मोठे धक्के बसले, जमीन खचली आणि त्या खळग्यात पाणी भरून हे सरोवर झाले. आज त्या सरोवराच्या पाण्यात सायप्रस वृक्ष उभे दिसतात.

आता 'बोडका' हे नाव कसे पडले ते पाहू. हा वृक्ष पाइन, देवदार यांच्या वर्गातला, म्हणजे सूचिपर्णी. या वर्गातली झाडे सहसा बाराही महिने हिरवी असतात. हा मात्र त्या घराण्याची रीत मोडतो. याची पाने सुईसारखी टोचणारी नसून पिसासारखी मऊ असतात आणि बारीक डहाळीच्या दोन बाजूंना दोन रांगांत बसलेली असतात. 'डिस्टिकम' या शब्दाचा अर्थच 'दोन रांगांचा' असा आहे. शरद ऋतूत ही पाने तांब्याच्या रंगाची होतात आणि त्यांच्या डहाळ्यांसकट गळून पडतात. मग ऐन हिवाळ्यात तीस-पस्तीस मीटर उंचीचे राखी खांब तेवढे पाण्यात उभे राहतात. घराणे सदाहरित आणि हा मात्र उघडाबोडका, म्हणून हे नाव. वसंतात पुन्हा पालवी फुटते, तिचा रंग इतका कोवळा असतो की लांबून झाडांवर हिरवा धूर बसल्यासारखा वाटतो. कॅलिफोर्नियातले प्रचंड रेडवुड वृक्ष हे याचे नातेवाईक होत.

याचा बुंधा खाली एकदम रुंदावतो. जणू कोणी जाड घोंगडी कमरेला गुंडाळून पाण्यात उभे आहे आणि घोंगडीच्या चुण्या खाली पसरल्या आहेत. मऊ चिखलात एवढ्या उंच खोडाला आधार हवा, तो या पसरट पायामुळे मिळतो. सोसाट्याच्या वादळांतही हे झाड सहसा उन्मळत नाही.

पण खरे नवल त्याच्या गुडघ्यांचे आहे. या झाडाच्या आडव्या मुळांवरून ठिकठिकाणी शंकूच्या आकाराचे लाकडी उंचवटे वर येतात. काही वीतभर, काही पुरुषभर उंच. त्यांना पाने नाहीत, फांद्या नाहीत. मोठ्या झाडाभोवती हे गुडघे असे उभे असतात की, कीर्तनाला बसलेली माणसे वाटावीत. हे कशासाठी असतात? आम्हां खाडीकाठच्या माणसांना उत्तर सोपे वाटते. ओहोटीला तिवराच्या झाडाखाली चिखलातून वर आलेल्या मुळांच्या काड्या आम्ही लहानपणापासून पाहतो. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर आपली मुळे वर काढून श्वास घेतो. सायप्रसही तेच करीत असेल, असे शास्त्रज्ञांनाही पहिल्यांदा वाटले. परंतु विज्ञानात 'वाटले' हे पुरे पडत नाही. काहींनी गुडघे कापून पाहिले, तर झाडाचे काही बिघडले नाही. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही गुडघ्यांमुळे मुळांना फारशी हवा मिळते असे दिसले नाही. अलीकडच्या काही मोजमापांनी मात्र श्वासाच्या कल्पनेला पुन्हा थोडे बळ दिले आहे. कोणी म्हणतात गुडघे आधारासाठी, कोणी म्हणतात अन्न साठवण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने या गुडघ्यांचे कारण सांगता येत नाही असे लिहून ठेवले होते. दोनशे वर्षांनंतरही वाद मिटलेला नाही. इतक्या डोळ्यांसमोरच्या गोष्टीचे कारण अजून वादात असावे, याचा मला तरी आनंद वाटतो. आपल्यासाठीही काही काम शिल्लक आहे!

गुडघ्यांचे हे नवल पाहायला अमेरिकेलाच जावे लागते असेही नाही. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे आणि गोव्यात सत्तरीतील बांबर गावच्या निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या जातीची झाडे पाणथळ जमिनीत उभी आहेत. त्यांचीही मुळे गुडघ्यासारखी वाकून वर येतात. दोन्ही झाडांचे कूळ वेगळे, खंड वेगळे. पण पाण्यात उभे राहायचे म्हटल्यावर दोघांनी एकाच तऱ्हेची युक्ती काढली. निरंकाराची राई टिकली ती देवाच्या नावाने राखली गेली म्हणून, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सायप्रसच्या रानातले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे असते. गळलेली पाने आणि साली यांतला अर्क त्यात उतरतो. पाणी संथ असल्यामुळे ते काळ्या आरशासारखे दिसते आणि प्रत्येक झाड दोनदा दिसते, एकदा वर आणि एकदा खाली. फांद्यांवरून करड्या रंगाच्या लांब जटा लोंबतात. त्यांना 'स्पॅनिश मॉस' म्हणतात. गंमत अशी की ही वनस्पती स्पॅनिशही नाही आणि शेवाळही नाही. ती अननसाच्या कुळातली आहे. ती झाडाचा रस शोषत नाही, नुसती अंगावर राहते आणि हवेतल्या ओलाव्यावर जगते. कॉर्कस्क्रू दलदलीत या वृक्षांच्या शेंड्यांवर करकोच्यांच्या जातीचे मोठे पक्षी घरटी बांधतात. पाणी ओसरू लागले की डबक्यांत मासे दाटतात, आणि तोच त्यांच्या पिलांना भरवण्याचा काळ असतो. म्हणजे पाणी चढणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर उतरणेही महत्त्वाचे. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

आता या वृक्षाच्या आयुष्याविषयी. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ब्लॅक रिव्हर नावाची नदी आहे. तिच्या काठच्या दलदलीत डेव्हिड स्टाल या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे काम केले. पोकळ गिरमिटासारखे एक हत्यार खोडात फिरवून ते पेन्सिलीएवढी बारीक कांडी बाहेर काढतात. झाडाला त्याने इजा होत नाही. त्या कांडीवर वर्षावर्षाची वलये मोजता येतात. २०१९ साली त्यांनी जाहीर केले की तेथले एक झाड २०१८ साली निदान २,६२४ वर्षांचे होते. म्हणजे इसवी सनापूर्वी सहाशे पाच या वर्षी ते झाड उभे होते. गौतम बुद्धाच्या जन्माचे परंपरेने मानलेले वर्ष इसवी सनापूर्वी ५६३ हे आहे. सिद्धार्थ लुंबिनीत जन्मला तेव्हा हे झाड चाळिशी ओलांडून गेले होते आणि आजही त्याला पालवी फुटते! पाणथळ जागी वाढणाऱ्या वृक्षांत याहून वयोवृद्ध वृक्ष ज्ञात नाही.

ही वलये नुसते वय सांगत नाहीत. पाऊस चांगला झाला त्या वर्षीचे वलय रुंद, अवर्षणात ते अरुंद. त्यामुळे प्रत्येक जुने खोड म्हणजे पावसाची वहीच होय. १५८७ साली इंग्रजांनी रोआनोक बेटावर वसाहत केली. १५९० साली जहाज परत आले तेव्हा तेथे एकही माणूस नव्हता. त्या लोकांचे काय झाले हे कोडे चारशे वर्षे इतिहासकारांना पडले आहे. १९९८ साली स्टाल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सायप्रसची वलये वाचून दाखवले की १५८७ ते १५८९ ही तीन वर्षे त्या भागातल्या आठशे वर्षांतल्या सर्वांत कडक अवर्षणाची होती. जेम्सटाउनची वसाहत १६०७ साली झाली, तीही १६०६ ते १६१२ अशा सात वर्षांच्या दुष्काळात. कागदपत्रांत उपासमारीची हकिकत होती, तिचे कारण झाडाने सांगितले. इतिहास हा विषय घेतलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनी याचा जरूर विचार करावा.

जी गोष्ट इतकी टिकते, तिच्यावर माणसाचा डोळा असणारच. जुन्या सायप्रसच्या गाभ्याचे लाकूड पाण्यात आणि दमटपणात लवकर कुजत नाही. त्याच्या होड्या झाल्या, छपरांच्या फळ्या झाल्या, पाण्याच्या टाक्या झाल्या, शवपेट्याही झाल्या. १८७६ साली दक्षिणेतल्या सरकारी जमिनी मोठ्या व्यापाऱ्यांना विकत घेण्यास मोकळ्या झाल्या आणि पुढच्या पन्नास वर्षांत बहुतेक सारे जुने रान तोडले गेले. ओले सायप्रस बुडते. म्हणून आधी खोडाभोवती साल आणि लाकूड गोल कापून झाड उभ्यानेच वाळवत ठेवायचे आणि मग पाडून तरंगत न्यायचे. वाफेच्या यंत्राने साखळ्या लावून ओंडके चहूकडून एका जागी ओढायचे. ओंडके ओढल्याचे चर चिखलात पडले. ते विमानातून पाहिले असता आजही बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे दिसतात.

या लाकडाचा एक विस्मयकारक पुरावा समुद्राने दिला. २००४ साली इव्हान नावाचे चक्रीवादळ आले आणि अलाबामाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्राच्या तळावरची वाळू हलली. तेथे सुमारे अठरा मीटर खोल पाण्यात सायप्रसच्या बुंध्यांचे एक जुने रान उघडे पडले. ते पन्नास हजार वर्षांहून जुने आहे. समुद्राची पातळी खाली होती त्या काळात तेथे नदीकाठ होता. वर आणलेले लाकूड कापले तर त्याला ताज्या लाकडासारखा वास येतो, असे पाहणाऱ्यांनी लिहिले आहे. हे मी बाबांना वाचून दाखवले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग एवढेच म्हणाले, "वास राहिला म्हणजे तेल राहिलं. असलं लाकूड तोडायला हात कसा धजला त्यांचा?" बाबा स्वतः लाकडावर पोट भरणारे. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला नवल वाटले. मग वाटले, लाकडाची किंमत ज्याला ठाऊक आहे तोच हे बोलू शकतो.

तोडणाऱ्यांना या रानाचे काही वाटत नव्हते, कारण दलदल म्हणजे निरुपयोगी जागा हे आधीच ठरून गेले होते. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या मोठ्या दलदलीचे नावच 'ग्रेट डिस्मल स्वॉम्प', म्हणजे 'उदास दलदल' असे ठेवले गेले. १७६३ साली जॉर्ज वॉशिंग्टनने इतर जमीनदारांबरोबर ती उपसून शेती करण्यासाठी कंपनी काढली. पण त्याच दलदलीकडे पाहणारे दुसरेही डोळे होते. मळ्यांवरून पळालेले निग्रो गुलाम तिच्या आतल्या उंचवट्यांवर जाऊन राहिले. कुत्रे आणि घोडेस्वार जेथे पोहोचू शकत नव्हते, तेथे त्यांनी पिढ्यान् पिढ्या वस्ती केली. लुइझियानातही न्यू ऑर्लिन्सजवळच्या सायप्रसच्या रानात अशा वस्त्या होत्या; तेथल्या पळालेल्या गुलामांचा पुढारी सां मालो याला १७८४ साली फाशी देण्यात आले. मालकाला जी जागा उदास वाटली, ती गुलामाला स्वातंत्र्याची वाटली. मिशोने तर नोंदवले आहे की त्या पोकळ गुडघ्यांचा उपयोग काय तो निग्रो लोकच करीत, मधमाश्यांची पोळी ठेवायला! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला, हे आपण शाळेत शिकतो. त्या मुक्तीच्या इतिहासात या वृक्षांच्या सावलीचाही वाटा आहे, हे शाळेत कोणी सांगत नाही, म्हणून येथे लिहिले.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हा वृक्ष शतकानुशतके पाण्यात उभा राहू शकतो, पण त्याचे बी पाण्याखाली रुजत नाही. बी पाण्यावर तरंगत जाते, पाणी ओसरले की ओल्या मोकळ्या चिखलावर टेकते आणि तेथे अंकुरते. पुढचा पूर येण्याआधी रोपाचा शेंडा पाण्याच्या वर राहील इतकी उंची त्याने गाठली पाहिजे. एवढी एक संधी मिळाली की पुढची हजार वर्षे ते पुराला भीत नाही. ती मिळाली नाही, तर मात्र काहीच नाही. हे वाचताना मला आमच्याच वर्गातल्या कितीतरी जणांची आठवण झाली. घरात पुस्तक नसलेल्या मुलालाही वर्षा-दोन वर्षांची कोरडी जमीन मिळाली तर तो पुढे कोणत्याही पाण्यात उभा राहतो.

माणसाने नेमकी ही संधीच हिरावून घेतली आहे. १९२७ च्या महापुरानंतर मिसिसिपीच्या दोन्ही तीरांवर प्रचंड बांध पक्के करण्यात आले. नदी बांधली गेल्यामुळे रानात नवा गाळ आणि गोडे पाणी येईनासे झाले. जमीन खचू लागली, पाणी कायमचे साचून राहिले. जहाजांसाठी न्यू ऑर्लिन्सपासून समुद्रापर्यंत कालवा खणला, तो १९६८ च्या सुमारास पुरा झाला; त्यातून खारे पाणी आत शिरले आणि मैलोगणती सायप्रस उभ्याउभ्या वाळले. २००५ साली कॅटरिना वादळ आले तेव्हा लाटांचा जोर मोडणारे हे रान तेथे उरले नव्हते. अखेर २००९ साली दगडांचा बांध घालून तो कालवा बंद करावा लागला. त्यात भर म्हणून कातड्यासाठी दक्षिण अमेरिकेतून आणलेला न्यूट्रिया नावाचा घुशीसारखा प्राणी रोपे कुरतडतो. याचा परिणाम असा की, कित्येक ठिकाणी छायाचित्रात अत्यंत सुंदर दिसणारे रान हे केवळ म्हाताऱ्यांचे गाव झाले आहे. मोठी झाडे उभी आहेत, पण त्यांच्यामध्ये एकही रोप नाही.

काही चांगल्या गोष्टीही घडल्या. कॉर्कस्क्रू दलदल तोडीला जाणार होती. १९५४ साली पक्षिप्रेमींच्या ऑड्युबन संस्थेने ती वाचवली आणि आज जुन्या सायप्रसचे शिल्लक राहिलेले सर्वांत मोठे रान तेच आहे. लुइझियानात विद्यार्थी आणि स्वयंसेवक होड्यांतून रोपे नेऊन लावतात आणि न्यूट्रियापासून बचाव व्हावा म्हणून प्रत्येक रोपाभोवती नळीचे कवच घालतात. फ्लॉरिडामध्ये 'सेनेटर' नावाचा सुमारे साडेतीन हजार वर्षांचा मानला गेलेला सायप्रस होता. १६ जानेवारी २०१२ रोजी त्याच्या पोकळ खोडात एका व्यक्तीने जाळ केला आणि तो जळून गेला. पण त्याच झाडाच्या फांदीपासून पूर्वी कोणी कलमे करून ठेवली होती. २०१३ साली त्यांतले एक तेथे लावले आणि त्याला 'फिनिक्स' असे नाव दिले.

आपल्या सातबाऱ्यावर एक शब्द असतो, 'पोटखराबा'. पीक येत नाही अशी जमीन. खाडीकाठचा चिखल, ओढ्याचा काठ, पाणथळ खळगा, सारे त्यातच जमा होते. सायप्रसचे रान आपल्या तलाठ्याने मोजले असते, तर त्यानेही तेथे हाच शब्द लिहिला असता. पावसाची अडीच हजार वर्षांची वही, गुलामांचा आसरा, पक्ष्यांचे गाव आणि वादळाला अडवणारी भिंत, हे सारे त्या एका शब्दाखाली झाकले गेले असते. यापुढे आपल्या गावच्या पोटखराब्याकडे पाहताना तेथे काय उभे आहे, आणि त्याच्या पायाशी रोपे आहेत की नाहीत, हे एकदा वाकून पाहावे. एवढे जरी या लेखाने साधले, तरी पुष्कळ झाले.